बाबांचा उपवास आणि पाऊण चढाची रेषा

माझे बाबा रेल्वेत गार्ड होते आणि अंगानं आडदांड होते. आडदांड म्हणजे मी कमीच सांगतेय. जयपूरला बनी पार्कजवळच्या रेल्वे कॉलनीत आमचं क्वार्टर होतं, तिथे त्यांना नावानं कुणी ओळखतच नसे. शेजारची पोरं 'पहलवानजी' म्हणून हाक मारायची आणि बाबा खुशीत हात वर करून ओ द्यायचे. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शाळेच्या पालकसभेत ते मुलांच्या बाकात अडकले होते, तेव्हा दोन शिक्षकांनी बाक धरला आणि एकानं बाबांना ओढलं. बाबा स्वतःच सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले. मी तोपर्यंत पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभी राहिले होते.

खाणंही तसंच. भुसावळचा माणूस, कळण्याची भाकरी आणि भरीत म्हटलं की त्यांना भान राहायचं नाही. त्यात जयपूरला बदली झाली. म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. राजा पार्कात कचोरीवाल्यासमोर उभे राहून ते 'भैया, एक और' असं इतक्या प्रेमानं म्हणायचे की आजूबाजूचे लोक वळून बघायचे. मी दोन पावलं लांब उभी राहायची, जणू काही मी दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी आहे. आई म्हणायची, 'एवढं काय लाजायचं त्यात, स्वतःच्या कमाईचं खातात.' तिचं बरोबर होतं. पण लाज बरोबर-चूक बघून येत नाही.

आणि नशिबाचा खेळ बघा, मी संशोधनासाठी विषय कोणता घेतला? प्राण्यांचं आकारमान आणि त्यांची चयापचयाची गती. मुद्दाम नाही हो घेतला. प्राणिशास्त्रात एमेस्सी झाले, मार्गदर्शक सरांकडे शिष्यवृत्तीची एक जागा होती, ती मिळाली. विषय सरांचाच होता.

विषय सांगायला सोपा आहे. प्राणी शांत पडलाय, पोट रिकामं आहे, अशा वेळी तो किती ऑक्सिजन वापरतो ते मोजायचं. त्यावरून त्याच्या शरीराची चूल किती जोरात पेटलीय ते कळतं. आता, प्राणी दहापट जड झाला म्हणून ही चूल दहापट पेटत नाही. त्याहून कमी वाढते. किती कमी, यावर आमच्या क्षेत्रात जुना तंटा आहे. तो सोडवायचा तर उंदरापासून शेळीपर्यंत सगळ्यांना एकाच कागदावर आणावं लागतं. नुसते आकडे मांडले तर उंदीर, जर्बिल नावाचे वाळवंटी उंदीर आणि खारी डाव्या कोपऱ्यात मुंग्यांसारख्या गोळा होतात आणि शेळी एकटीच लांब उजवीकडे उभी राहते. म्हणून वजनाचा आणि ऑक्सिजनचा, दोन्हींचा लॉग घ्यायचा, शाळेतल्या तक्त्यातला तोच लॉगॅरिदम. मग दहापट वाढ ही कुठेही एकसारखंच एक पाऊल ठरते, ठिपके शहाण्यासारखे रांगेत येतात आणि त्यांच्यातून सरळ रेषा काढता येते. त्या रेषेचा चढ किती, एवढाच काय तो प्रश्न. कुणी म्हणतं दोन-तृतीयांश, कुणी म्हणतं पाऊण. आमचे सर पक्के पाऊणवाले.

पहिल्याच महिन्यात मी घरी जेवताना फुशारकीनं सांगितलं होतं की उंदीर ग्रॅममागे जेवढं जाळतो त्यापुढे हत्ती काहीच नाही. मोठा प्राणी किलोमागे कमीच खातो. बाबांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी आईकडे असं काही बघितलं, की जणू कोर्टात निकाल लागलाय. 'ऐकलंस का? आपण किलोमागे कमी खातो.' आणि त्यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली.

मी चिडले. त्यांना समजावलं की असा भागाकार करून काही कळत नाही, भागाकार लहानाला खादाड ठरवतो आणि मोठ्याला साधू. खरं बघायचं तर त्या वजनाच्या प्राण्यानं किती जाळायला हवं, ते रेषेवर बघायचं, आणि हा प्राणी त्या रेषेच्या वर आहे की खाली ते तपासायचं. बाबांनी मन लावून ऐकलं.

'मग एकदा मला बसव की तुझ्या रेषेवर. बघू तरी, मी जास्त आहे का बरोबर आहे ते.'

मी हसण्यावारी नेलं. मनात म्हटलं, बाबा, तुम्ही जास्त आहात, त्याला यंत्र कशाला लागतं.

पण तीन वर्षांनी खरोखरच तशी वेळ आली. माझ्या रेषेचं उजवं टोक लंगडं होतं. शेळीच्या पुढे माझ्याकडे काही नव्हतं. सरांना उंट हवा होता. एकदा तसा प्रयत्नही झाला. उंटानं श्वास मोजायचा मास्क चावून टाकला आणि सरांच्या शर्टावर थुंकला, तेव्हापासून उंटाचा विषय निघाला नाही. मग माणसं घ्यायचं ठरलं. माणसासाठी डोक्यावर पारदर्शक झाकण ठेवून श्वास मोजायचं यंत्र मेडिकलच्या लोकांकडून मिळालं होतं. लॅबमधली पोरं आळीपाळीनं आडवी झाली, पण सगळी काडीपैलवान. सर म्हणाले, शंभर किलोच्या आसपासची माणसं आण, टोक लांब होऊ दे. आणि म्हणताना ते माझ्याकडेच बघत होते, कारण बाबा मला एकदा न्यायला आले होते तेव्हा सरांनी त्यांना पाहिलं होतं. माझे कान तापले.

आता जे पणाला लागलं होतं तेही सांगते. माझी शिष्यवृत्ती मार्चअखेर संपणार होती. बाबा उन्हाळ्यात निवृत्त होणार, क्वार्टर सोडावं लागणार, घर भुसावळला परतणार. त्याआधी विभागासमोर माझं खुलं सादरीकरण पास झालं तरच प्रबंध देता येणार होता. नाहीतर मी डिग्रीविना आईबाबांच्या मागोमाग ट्रकमध्ये, कपाटाशेजारी. कॉलनीतल्या बायका आईला विचारायच्याच, 'अजून शिकतेच आहे का?'

तर बाबांना विचारलं. ते इतके हरखले की त्यांनी स्वतःबरोबर आपल्यासारखेच तीन दोस्त जमवले, सगळे रेल्वेतले, सगळे मराठी मंडळाच्या गणपतीत पंगतीला शेवटपर्यंत बसणारे. मी आईला बजावून सांगितलं की रात्रीच्या जेवणानंतर सकाळपर्यंत कुणी काही खायचं नाही, सगळे उपाशी हवेत, मोजमाप त्यावरच आहे. आई म्हणाली, 'कळलं गं, मला काय शिकवतेस, जन्म गेला माझा उपवासात.' मी पहाटेच लॅबला गेले, यंत्र गरम व्हायला वेळ लागायचा. चौघे सकाळी आमच्या घरी जमून एकत्र आले. मी प्रत्येकाला विचारलं, काही खाल्लंत का? प्रत्येकानं छातीवर हात ठेवून सांगितलं, कडक उपवास. आणि चौघांपैकी एकही खोटं बोलत नव्हता.

चौघांचे ठिपके रेषेच्या वर आले. फार नाही, पण चारही वर. आणि ते टोकाला असल्यामुळे रेषेनं आपलं उजवं टोक अलगद उचललं आणि चढ थेट पाऊणला जाऊन चिकटला. सर खूश. त्यांनी चहा मागवला. मी मालवीय नगरला संख्याशास्त्राच्या बाईंकडे शिकायला जायचे, त्यांनी मात्र कपाळाला आठी घातली. त्या म्हणाल्या की टोकाचे ठिपके फार ताकदवान असतात. मधला ठिपका चुकला तर रेषा ढिम्म हलत नाही, टोकाचा चुकला तर रेषा त्याच्याबरोबर जाते. हे चार जण एका दिवशी आले, एका घरातून आले. हे चार साक्षीदार नव्हेत, एकच समज. मी मान डोलावली. पण पाऊण आला होता, सर खूश होते, मार्च जवळ आला होता. मी लिहून टाकलं की झाकणाखाली घाबरल्यामुळे जाड व्यक्तींचा दर किंचित वाढला असावा.

सादरीकरणाला बाबांनी येऊ नये म्हणून मी काय नाही केलं. उन्हात कशाला, सगळं इंग्रजीत असतं, कंटाळाल. पण त्यांनी सुट्टी टाकली होती आणि पांढरा शर्ट इस्त्रीला दिला होता. तिसऱ्या रांगेत बसले. खुर्ची करकरली, दोन मुली खुसखुसल्या, आणि मी पडद्याकडे तोंड करून सुरुवात केली.

चाळीसेक मिनिटं छान गेली. मग बाहेरगावाहून आलेले परीक्षक, वयस्कर, अगदी मऊ बोलणारे गृहस्थ, त्यांनी मला रेषेपासून उरलेल्या अंतरांचा आलेख पुन्हा दाखवायला सांगितला. खरी रेषा बसली असेल तर हे अंतर कधी वर, कधी खाली, असं विखुरलेलं दिसतं. माझ्या आलेखात शेवटचे चार ठिपके शून्याच्या वर, हातात हात घालून उभे. त्यांनी विचारलं, ही मंडळी नक्की उपाशी होती ना? जेवण पचवतानाही शरीर जास्त जाळतं, तेवढंच हे अंतर दिसतंय. मी ठामपणे सांगितलं, होय सर, रात्रभर.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत खुर्ची करकरली. बाबा उभे राहिले होते. प्रश्न आपल्याबद्दल आहे एवढं इंग्रजी त्यांना कळलं होतं, आणि मुलगी अडचणीत आहे हे तर कळलंच होतं. त्यांनी आपल्या भुसावळी हिंदीत साक्ष दिली.

'साहब, मैं खुद था उसमें। एकदम कडक उपवास। कुछ नहीं खाया। सिर्फ साबूदाने का खिचडी खाया, और थोडा दाने का आमटी।'

आधी कुणाला नीट कळलं नाही. मग कुणीतरी खुलासा विचारला, आणि बाबांनी तो आनंदानं दिला. बायकोनं चौघांना गरम गरम वाढलं. तिच्या हातची खिचडी साहेब, तूप, शेंगदाणे, बटाटा. उपाशीपोटी माणसाला ती घराबाहेर पडू देत नाही. पण अन्नाचा एक कणही नाही, सगळं उपवासाचंच.

हॉल फुटला. मागची पोरं बाकांवर हात आपटत होती. सर टेबलाकडे बघत होते. परीक्षक तेवढे हसले नाहीत, त्यांनी चष्मा काढून पुसला. आणि बाबा, त्यांना वाटलं लोकांना गंमत वाटली, म्हणून तेही हसले, पालकसभेतल्यासारखे. मी कुठे बघावं मला कळेना. टाकी नव्हती ना जवळ.

मला सगळ्यात जास्त कसली लाज वाटली सांगू? 'एकादशी आणि दुप्पट खाशी' हे ऐकत मी लहानाची मोठी झाले. आमच्या घरात उपवासाच्या दिवशी चूल जास्त पेटायची. आईच्या लेखी खिचडी हे खाणं नव्हतंच, ते उपवासाचं साधन होतं. आणि मी तिच्याच हातचं खाऊन वाढले होते. त्या हॉलमधल्या राजस्थानी पोरांना हे माहीत नसणं ठीक होतं. मला माहीत होतं. उंदरांसाठी मी पिंजऱ्यातला दाणा रात्री स्वतः काढून घ्यायची, आणि बापाच्या ताटात काय पडणार हे मात्र विचारलं नाही. कारण बापाच्या ताटाकडे बघायचीच मला लाज वाटायची.

सादरीकरण पास झालं नाही, नापासही झालं नाही. परीक्षक म्हणाले की छापून आल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलं हे चांगलं. चौघांना पुन्हा मोजा, नाहीतर ते ठिपके काढून टाका आणि शेळीवर थांबा. शेळीवर थांबलं तर प्रबंधाचा अर्धा दावाच गळून पडत होता. हातात जेमतेम महिना होता. सर एवढंच म्हणाले की घरचा मामला घरी ठेवायला हवा होता.

स्कूटरवरून घरी येताना बाबांनी कचोरीवाल्यापाशीही स्कूटर थांबवली नाही. हसणं कसलं होतं ते त्यांना पायऱ्या उतरताना कुणीतरी सांगितलं असावं, किंवा कळलं असावं. क्वार्टरसमोर त्यांनी स्कूटर उभी केली आणि मी उतरता उतरता म्हणाले,

'तुम्ही आला नसतात तर बरं झालं असतं.'

'हो,' बाबा म्हणाले. 'खरंय.'

एवढंच. भांडले असते तर मला सोपं गेलं असतं. घरात आई माझ्यावरच उखडली की शंभर किलोचा माणूस मी तसाच रिकाम्या पोटी पाठवणार होते का, वाटेत चक्कर येऊन पडला असता तर तुझ्या सरांनी उचलला असता का. बोलता बोलताच ती ओट्याकडे वळली. त्या रात्री बाबांनी दोनच भाकऱ्या खाल्ल्या. मी मोजल्या, म्हणजे नजर गेली. आयुष्यभर त्यांनी कमी खावं असं मला वाटत होतं, आणि आता ते कमी खात होते, तर मला ते बघवेना.

दुसऱ्या दिवसापासून बाबा दोस्तांच्या मागे लागले. एकाची बदली झाली होती. एक जण म्हणाला, 'गड्या, हसं करून घ्यायला पुन्हा येऊ का मी? कॉलनीत सगळे खिचडीवरून चिडवतात.' त्याच्याकडे बाबा दोनदा जाऊन बसले. आईकडून मला नंतर कळलं की बाबा त्याला म्हणाले होते, हसले ते मला हसले, तू कशाला मनाला लावून घेतोस, पोरीचं वर्ष आहे. शेवटी तिघे तयार झाले. सर म्हणाले, तीन चालतील.

त्या सकाळी आई स्वयंपाकघरात गेलीच नाही. देवासमोर बसून राहिली, हात मांडीवर ठेवून, जणू ते कुणीतरी बांधून ठेवलेत. बाबांनी पाणी पिताना मला विचारलं, हे चालतं ना? मी म्हटलं, पाणी चालतं. तरी ते अर्धाच पेला प्यायले.

या वेळी मी त्यांना घेऊनच लॅबला गेले. ते कॉटवर आडवे झाले, मी त्यांच्या डोक्यावर झाकण ठेवलं. पहिल्या वेळी त्यांनी आतून मला डोळा मारला होता. आज डोळे मिटून घेतले. लॅबमध्ये पंप आणि पंखा, बाकी शांतता, आणि त्या शांततेत बाबांचं पोट मोठ्यानं गुरगुरलं. पलीकडे पिंजरे धुणाऱ्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. बाबांनी हळूच पोटावर हात ठेवला, मुकाट्यानं, लहान मुलाला गप्प करावं तसा. त्यांना लाज वाटत होती. माझ्या बाबांना! बाकात अडकून हसणाऱ्या माणसाला मी लाजायला शिकवलं होतं.

मोजमाप झालं. मी कॉम्प्युटरवर आकडे भरले, लॉग घेतले, ठिपके पडद्यावर आले. चढ पाऊणच्या जरा खाली उतरला, सरांना आवडणार नाही एवढा, पण उतरला. बाईंनी सांगितल्याप्रमाणे मी उरलेल्या अंतरांचा आलेख काढला आणि बाबांना शोधायला लागले. सापडेनात. शून्याच्या रेषेभोवती लॅबमधली ती काडीपैलवान पोरं, शेळ्या, ससे, सगळे विखुरलेले, आणि त्यांच्यात बाबांचा ठिपका कुठला ते ओळखूच येईना. शेवटी ओळीचा क्रमांक पाहून शोधावं लागलं. जन्मभर हजार माणसांच्या गर्दीत जो माणूस मला लांबून दिसायचा आणि मी तोंड फिरवायची, तो इथे सगळ्यांसारखाच होता. ना जास्त, ना कमी. त्याच्या मापाचा माणूस जेवढं जाळणार, तेवढंच तो जाळत होता. मग त्याला जेवढं लागायचं तेवढंच तो खात होता, आणि मी कचोरीच्या गाड्यापासून दोन पावलं लांब उभी होते.

बाबा कॉटवर उठून बसले होते. केस चपटे झालेले, शर्टाचं बटण उघडं. आई मागाहून डबा घेऊन आलीय आणि बाहेर पायऱ्यांवर थांबलीय हे त्यांना माहीत होतं, तरी ते उठत नव्हते. मी अजून पडद्याकडेच बघतेय हे पाहून ते पुढे वाकले आणि अगदी हळू आवाजात, पिंजरे धुणाऱ्या मुलांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं, विचारलं,

'पोरी, आता तरी बरोबर आलो का मी?'